मांजराची झाकणाची पेटी
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



घरातल्या एखाद्या उपयोगी विषयावर दोन शब्द बोला, असे मंडळाने मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची मला सवय नाही. तेव्हा जे काम आमच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ होते, त्याविषयीच बोलते. विषय ऐकून कुणी नाकाला पदर लावील. पण मांजर पाळलेल्या घरात हे काम कुणाला तरी करावेच लागते, आणि ते झाले नाही तर शेजारणीलाही नाकाला पदर लावावा लागतो!

पूर्वी वाड्याला परसदार असे. मांजर मातीत उकरून, आपले आपण झाकून येई. आता आपण तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतो. परसदार गेले, पण मांजराची सवय राहिली. म्हणून मातीच घरात आणावी लागते. अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने शेजारणीला मांजरासाठी वाळूऐवजी ओल शोषणारी दाणेदार माती दिली, आणि तिथून ह्या मातीचा व्यापार वाढला. ती माती आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. आता दुकानात 'लिटर' म्हणून मिळते त्यात बेंटोनाइट माती पुष्कळ असते. ओल लागली की तिचा गोळा होतो, तेवढा उचलून टाकता येतो.

आता पेटीविषयी. झाकणाच्या पेटीचे फायदे खरे आहेत. माती घरभर उडत नाही, उभ्याने लघवी करणाऱ्या बोक्याची भिंत खराब होत नाही, रांगते मूल आत हात घालीत नाही. पण झाकणाखाली वास कोंडतो. आपल्याला तो बाहेर कमी येतो. मांजराला मात्र आत नाक घालावे लागते. मांजरांना झाकण आवडते की नाही, ह्याचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक मांजरांनी दोन्ही पेट्या सारख्याच वापरल्या. थोड्यांनी मात्र एकच धरून ठेवली. म्हणजे पेटी स्वच्छ असेल तर झाकणाचा बाऊ नको, आणि आपल्या मांजराला नकोच असेल तर हट्टही नको.

पेटी घेताना शिलाईची टेप घेऊन जावे. नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत मांजर जेवढे भरेल, त्याच्या दीडपट पेटी लांब हवी. आत त्याला ताठ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे. पिलाला आणि म्हाताऱ्या मांजराला उंबरा ठेंगणा हवा. दुकानातली पेटी महाग वाटली, तर कपडे ठेवायचा झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. आमच्या यजमानांनी तसाच एक करवतीने कापून दार केले आणि कड कानशीने घासून गुळगुळीत केली. मांजरे जितकी, त्याहून एक पेटी जास्त असावी. जागा नसेल तर निदान सफाई दुप्पट करावी.

नवी पेटी आणल्यावर पहिले काही दिवस झाकण लावू नये. मग झाकण लावावे, आणि लोंबते दार सर्वांत शेवटी. पेटी मांजराच्या खाण्याच्या ताटलीजवळ ठेवू नये. न्हाणीघरातही नको, आपल्याकडे तिथे पाणी सांडते, माती भिजते, आणि दाराला कडी लागली की मांजर अडते. गॅलरीत ठेवणार असाल तर पावसाची झड येत नाही ना ते पाहावे.

माती दोन-तीन इंच घालावी. जाळीची सुपली मिळते, अगदी आपल्या झाऱ्यासारखी. तिने दिवसातून दोनदा गोळे काढावेत. ते कागदात बांधून कचऱ्यात टाकावेत, संडासात कदापि नाही. ती माती पाण्याने फुगते आणि नळी तुंबते. गोळे होणारी माती दोन ते चार आठवड्यांनी सगळी बदलावी. साधी माती आठवड्याला. मग पेटी साबणाने आणि गरम पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी.

एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. फिनाइल वापरू नका. फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला पचत नाहीत. ते पाय चाटते, आणि विष पोटात जाते. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

झाकण रोज उचलून पाहावे, ह्याला आणखी एक कारण आहे. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंचा बोका पुन्हा पुन्हा पेटीत जाऊन बसे, पण माती कोरडी. त्यांनी ते ओळखले आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. लघवी अडलेली होती. अशा वेळी एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेततो.

आता शेवटचे, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या जाऊबाईंना दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, "मनीला दूर कुठे तरी सोडून या." शेजारूनही तोच सल्ला आला. आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी समजावले की मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचे जंतू येऊ शकतात आणि पोटातल्या बाळाला ते घातक ठरतात, हे खरे. पण ते बाहेर पडताक्षणी लागत नाहीत. लागण्याजोगे व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून पेटी रोज साफ करावी, आणि ती गरोदर बाईने करू नये. दुसरे कुणीच नसेल तर हातमोजे घालून करावी आणि हात साबणाने धुवावेत. मांजराला कच्चे मांस देऊ नये. शिवाय हेच जंतू अर्धेकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतात. भाजी आपण टाकून देतो का?

तेव्हापासून पेटीचे काम भावोजींकडे गेले. ज्यांनी जन्मात स्वतःचे ताट उचलले नव्हते, ते सकाळी चहाआधी सुपली घेऊन बसू लागले. बाळ सुखरूप झाले, पाच महिन्यांचे आहे. मनीही घरातच आहे. आणि काम अजून भावोजींकडेच आहे. ते परत मागून घेण्याची घाई आम्हां दोघी जावांपैकी कुणालाच नाही!

तेव्हा भगिनींनो, दिवस गेले म्हणून घरातले मुके जनावर रस्त्यावर सोडण्याची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि घरातल्या पुरुषाच्या हाती सुपली द्या.