हसणाऱ्यांकडे बघा

(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)

आपण नेहमी मराठी शाळा टिकवण्यावर बोलतो. आज शाळेत पोरं एकमेकांशी कशी वागतात, त्यावर बोलूया.

एखाद्या पोराला वर्गात रोज चिडवतात. आपण म्हणतो, "चालायचंच." नाहीतर म्हणतो, "तूही दोन ठेवून दे." दोन्ही वेळा आपण त्या दोघांकडेच बघतो. बाकीचा वर्ग दिसतच नाही.

फिनलंडच्या संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी सहकाऱ्यांसोबत १९९६ साली हाच वर्ग तपासला. त्रास देणाऱ्याभोवती त्याला हात देणारे असतात, हसून चढवणारे असतात, बाजूला सरकणारे असतात. थोडे पाठीशी उभे राहणारेही असतात. त्रास देणाऱ्याला हवी असते वर्गातली वट, आणि ती त्याला हसणारे देतात. पुढे तिथल्या शाळांत 'किवा' नावाचा उपक्रम आला, त्याचा भर या बघ्यांवरच आहे.

आता आपल्या सीमाभागाकडे या. कानडी किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आपल्या पोराच्या उच्चारांना हसतात. तेच पोर पुण्याला शिकायला गेलं आणि "काय करूलास?" म्हणालं, की तिथेही हसतात. हे दुखणं आपल्याला ठाऊक आहे. मग आपल्या मराठी शाळेत घरी कानडी किंवा उर्दू बोलणारं मूल आलं, तर त्याला कोण हसतं? १ नोव्हेंबर जवळ आला की घरातलं बोलणं पोरांच्या तोंडी येतं. आपला लढा सरकारशी आहे, शेजारच्या बाकावरच्या पोराशी नाही.

राज्यघटनेच्या कलम ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणासाठी राज्याने सोयी करायच्या आहेत. त्यासाठी आपण भांडतो, भांडलंच पाहिजे. पण वर्गात तोंड उघडायलाच भिणाऱ्या पोराला त्या सोयीचा काय उपयोग?

पालकांनो, "तुला कुणी मारलं का?" एवढंच विचारू नका. "आज कुणाला हसले? तेव्हा तू काय केलंस?" हेही विचारा. भांडण अंगावर घ्यायला सांगू नका. शाळा सुटल्यावर त्या पोराच्या बरोबर चालत घरी आला, तरी पुष्कळ झालं.

गुरुजनांनो, दोघांना वर्गासमोर उभं करून हात मिळवायला लावू नका. त्याने पुन्हा तमाशाच होतो. वेगवेगळं बोला. एकट्या पडलेल्याला सोबत मिळेल अशी बसायची जागा द्या. आणि पोराच्या आडनावावर, बोलण्यावर आपण स्वतः विनोद करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. सरच हसले, तर पोरांना कोण अडवणार?