समोरच्या घरातली किल्ली
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



माजी सेक्रेटरी बोलायला उभा राहिला म्हणजे टाकी, गळती आणि पार्किंग आलंच, असं तुम्हाला वाटलं असेल. ते सगळं अहवालात छापलंय. मी आज एका किल्लीबद्दल बोलणार आहे.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून आमच्या घराची जादा किल्ली समोरच्यांकडे आणि त्यांची आमच्याकडे असायची. 2024 ची विधानसभा निवडणूक आली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी एक मेसेज टाकला, मी उत्तर दिलं, त्यांनी त्यावर उत्तर दिलं. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं आपापल्या सोफ्यावर बसून एकमेकांची अक्कल काढत होतो. मध्ये फक्त सहा फुटांचा पॅसेज! शेवटी मी ग्रुप ॲडमिन म्हणून त्यांना काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नातू आमची किल्ली देऊन गेला.

पाच महिने आम्ही बोललो नाही. लिफ्टमध्ये ते दिसले की मी दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढायचो.

त्या दिवसांत मला भिवंडी आठवायची. नोकरीत असताना मी तिथल्या बँकेच्या शाखेत होतो. 1970 आणि 1984 अशा दोन मोठ्या दंगली त्या गावानं पाहिल्या होत्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगल पेटल्यावर धावण्यापेक्षा ती पेटूच नये म्हणून त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि त्या भागातला पोलीस नियमित एकत्र बसू लागले. आमचे एक खातेदार अशा कमिटीत होते. ते सांगायचे, बैठकीत मोठमोठी भाषणं नसतात. तुंबलेलं गटार, पोरांची भांडणं, असलेच विषय निघतात. पण त्यातून माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागली. अफवा आली तर खरं काय ते कुणाला विचारायचं, हे ठाऊक झालं.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार 900 माणसं मेली. सगळ्यांना भीती होती ती भिवंडीची. भिवंडी शांत राहिली.

तिथली माणसं एका मताची झाली नव्हती. त्यांनी फक्त येणं-जाणं तुटू दिलं नव्हतं. आणि मी, हे सगळं जवळून पाहिलेला माणूस, जिन्यानं चढत होतो!

एका रविवारी मी समोरची बेल वाजवली. माझं मत बदललं नव्हतं, त्यांचंही नाही. पण ॲडमिनपद सोसायटीचं होतं, ते मी माझ्या मतासाठी वापरलं. त्याची माफी मागितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही माझं म्हणणं खोडलंत, त्याचं काही नाही हो. पण या बिल्डिंगच्या पायाभरणीला मी उभा होतो. तिथून सगळ्यांदेखत मला बाहेर काढलंत." एवढं त्यांना लागलं असेल हे मला सुचलंच नव्हतं. मी त्यांच्या पक्षाकडे बघत होतो, त्यांच्याकडे नाही.

त्यांची परवानगी घेऊनच हे सांगतोय. ते दुसऱ्या रांगेत बसलेत, हसताहेत.

मंडळी, निवडणुका येत राहतील. वाद जरूर घाला, पण दारात उभं राहून, समोरच्याचा चेहरा बघत घाला. आणि अबोला धरला असेल तर पहिली बेल आपण वाजवा. समोरचा दार उघडेलच असं नाही. तरी वाजवा.

आमची किल्ली पुन्हा त्यांच्या खुंटीवर आहे. गेल्या आठवड्यातच लागली. दार ओढलं गेलं आणि मी बाहेर, बनियनवर!