फरासखान्याचे वारस



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने आकाशाकडे बोट दाखवावं असा शिरस्ता आहे. आज मी खाली बघायला सांगणार आहे: तुम्ही बसला आहात त्या खुर्चीच्या कापडाकडे आणि या व्यासपीठावर अंथरलेल्या लाल जाजमाकडे. सोफे, खुर्च्या, गाद्या, गालिचे स्वच्छ करून देण्याचा छोटा धंदा या शनिवार पेठेत उभा राहू शकतो आणि तो पदवीधराने उभा करावा, असं माझं म्हणणं आहे. लांबून पाहणाऱ्याला त्यात यंत्र आणि मनगट दिसतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मात्र पारखेचे. आणि पारख ही शिकण्याची सवय असलेल्या माणसाला लवकर येते.

शनिवारवाड्याकडून दगडूशेठ गणपतीच्या दिशेने निघालात की फरासखान्याची पोलीस चौकी लागते. हे नाव रोज तोंडी असलेल्या किती जणांना फरास म्हणजे कोण हे ठाऊक असेल, मला शंका आहे. फरास म्हणजे बिछायत सांभाळणारा सेवक. तंबू, कनाती, जाजमं, गालिचे, लोड-तक्के राखायचे, झटकायचे, उन्हात घालायचे, कसर लागली का ते पाहायचं, दरबार भरण्याआधी अंथरायचे आणि उठल्यावर घड्या घालून जागच्या जागी ठेवायचे. मराठी राज्यात जे अठरा कारखाने गणले जात, त्यांत तोफखाना, जवाहिरखाना, नगारखाना यांच्याच पंक्तीला फरासखाना होता. म्हणजे बसण्याची जागा स्वच्छ ठेवणं हे राज्याचं एक खातं होतं. शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. १८१८ मध्ये राज्य गेलं, १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. खात्याचं नाव तेवढं राहिलं आणि गंमत अशी की ते पोलिसांच्या वाट्याला आलं.

सामान्य घरांत हे काम बाईकडे आणि पिंजाऱ्याकडे असे. वाड्यातल्या बिऱ्हाडात बसायला सतरंजी किंवा जमखाना, भिंतीशी लोड आणि कापसाची गादी. या सगळ्या वस्तूंचा एक मोठा गुण होता: त्या उघडत. अभ्रा काढून धुता येई, सतरंजी गॅलरीच्या कठड्यावर टाकून बडवता येई. गादीत गोळे झाले की धनुकली वाजवत येणारा पिंजारी ती उसवायचा, कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून टाके घालून द्यायचा. सोफ्याने हे चक्र थांबवलं. सोफा म्हणजे न उघडणारी गादी. आत फोम, वर ताणून पिना मारलेलं कापड. त्यात धूळ, घाम, डोक्याचं तेल आणि सांडलेला चहा जातो तो बाहेर येत नाही. त्यातच वाडे जाऊन इमारती आल्या, कठडे गेले, अंगणातलं ऊन गेलं. आताच एक गोष्ट कबूल करतो: खरा लोकरी गालिचा पेठेतल्या फार घरांत तुम्हाला सापडणार नाही. शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसणारी ही माणसं. तेव्हा पाटीवर ‘कार्पेट’ लिहा हवं तर, पोट भरेल ते सोफ्यांवर, अभ्यासिकांमधल्या गादीच्या खुर्च्यांवर, दवाखान्यांच्या बाकांवर आणि मंगल कार्यालयांच्या बैठकांवर.

यंत्राबद्दल फार बोलणार नाही, पण त्याच्या जन्माची हकीकत उपयोगाची आहे. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराने धूळ ओढून घेणारा पंप बनवला. तो इतका अवजड होता की घोडागाडीवर लादून गिऱ्हाइकाच्या दारात उभा करायचा आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडायच्या. सातव्या एडवर्डच्या १९०२ मधल्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले. बूथने सुरुवातीला विकली ती सेवा. यंत्र स्वतःकडे ठेवलं. घरोघर व्हॅक्यूम क्लीनर गेले ते नंतर. आज ते यंत्र पेठेतल्याही अनेक कपाटांत धूळ खात पडलेलं असतं. यंत्र घेऊन काम होत असतं तर माझ्या भाषणाला विषयच उरला नसता.

मग कमी काय पडतं? एक हळदीचा डाग घ्या. जेवताना आमटीची वाटी कलंडली, फिकट रंगाच्या सोफ्यावर तळहाताएवढा पिवळा डाग पडला. उत्साही माणूस येतो, कडक शॅम्पू मारतो, ब्रश फिरवतो आणि डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. घरातल्या बाई किंचाळतात. त्या मुलाला वाटतं रसायन बनावट निघालं. रसायन ठीकच होतं. हळदीतलं करक्युमिन अल्कली लागली की तांबडं होतं. आपल्याकडे हळदीला अल्कलीची जोड देऊन कुंकू करत आले ते याच गुणावर. शॅम्पू अल्कधर्मी होता, त्याने सोफ्यावर कुंकू तयार केलं इतकंच. सौम्य आम्लाने ते पुन्हा पिवळ्यावर आणता येतं. उरलेल्या पिवळ्याला उजेड हा चांगला उतारा, कारण करक्युमिन उन्हात विरतं. पांढरं लुगडं उन्हात टाकणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण सोफ्याचा स्वतःचा रंगही उन्हात विटू शकतो, म्हणून किती वेळ आणि कोणत्या कोनात, हा निर्णय आला. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुलं इथे बसली आहेत. आम्ल-अल्कली त्यांनी परीक्षानळीत पाहिलं आहे. बैठकीच्या खोलीत, चार माणसं डोक्यावर उभी असताना, ते ओळखता येणं हा धंदा.

कापडाचंही तसंच. गादीच्या उशीखाली शिवणीतून एक धागा ओढून काढायचा आणि काडी लावायची. जळक्या केसांचा वास आला, राख बोटांत चुरगळली तर लोकर किंवा रेशीम. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख असेल तर सुती किंवा व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. पॉलिएस्टर बरंच सोसतं. व्हिस्कोस ओलं झालं की कमकुवत होतं आणि त्याची मखमल बसते ती पुन्हा उठत नाही. लोकरीला तीव्र अल्कली चालत नाही. शिवाय प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते पाहायचं. सुटला तर यंत्र पिशवीतून बाहेरच काढायचं नाही. ‘हे मी धुणार नाही’ असं सांगून परत येता येणं हा या धंद्यातला सर्वांत महाग माल आहे, आणि त्याचे पैसे त्या दिवशी मिळत नाहीत.

ओलं करणं सोपं, वाळवणं अवघड. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यानंतर घरात शिरलेलं पाणी आणि चिखल काय करतो हे या पेठेने पाहिलं आहे. ऐन पावसाळ्यात भिजलेली गादी वाळत नाही, कुबट होते. तोच नियम सोफ्याला लागू आहे. यंत्र पाणी फवारतं आणि ओढून घेतं, पण सगळं कधीच ओढलं जात नाही. फोममध्ये राहिलेली ओल वाळताना वर चढते आणि आतला मळ पृष्ठभागावर आणते. संध्याकाळी गेलेला डाग सकाळी परत हजर. पेठेतलं गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत विचारेल, ‘तुम्ही गेल्यावर डाग परत आला तर?’ लोक याला पुणेरी खवचटपणा म्हणतील. मला तो या धंद्यातला सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न वाटतो. उत्तर एकच: कमी पाणी वापरायचं, पंखा लावून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता बघायला यायचं.

आता आकडे, आणि ते मी मानलेले आहेत हे ध्यानात ठेवून ऐका. समजा एका बैठकीचे १,२०० रुपये, दिवसाला दोन कामं, महिन्यात २० दिवस. झाले ४८,०००. मदतनिसाला १६,०००, रसायनं, पेट्रोल, यंत्राची झीज आणि फुकट घालाव्या लागणाऱ्या दुसऱ्या फेऱ्या मिळून १०,०००. हातात २२,०००, आणि जून ते सप्टेंबर त्याहून कमी. हा आकडा सांगताना मी आवाज चढवणार नाही. पण त्याच्या दुसऱ्या अंगाला जोखीमही बेताची आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटाची मर्यादा ५०,००० रुपये. पाणी ओढणारं साधं यंत्र, ब्रश आणि रसायनं त्यात बसवता येतात. सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त कळवायचं असतं. कागदपत्रांचं कारण सांगून कुणी थांबत असेल तर खरं कारण वेगळं आहे.

एक रास्त आक्षेप असा की मोबाइलवर बटण दाबलं की गणवेशातला माणूस ठरल्या वेळी, ठरल्या भावात येतो. तुमच्याकडे कोण येईल? साध्या पॉलिएस्टरच्या सोफ्यासाठी येणार नाही, हे मी मान्य करतो. भावात तुम्ही त्यांच्याशी लढू नका, हराल. पण त्या माणसाला पुढच्या घरी पोचायचं असतं. धागा जाळून बघायला त्याला वेळ दिलेला नसतो आणि काम नाकारणं त्याला परवडत नाही. तुम्ही मेहुणपुऱ्यातून ओंकारेश्वरापर्यंत चालत जाऊ शकता, गाडी कुठे लावायची हा प्रश्न नाही, दुसऱ्या दिवशीची फेरी दहा मिनिटांची. आणि एक वही ठेवा. कोणत्या घरात कोणतं कापड, कोणता डाग, काय वापरलं, काय नाकारलं. तीनशे घरांची अशी वही झाली की ती भांडवल आहे, यंत्राहून मोठं. जुन्या कारखान्यांचा कारभार नोंदीवरच चाले. वाढ हवीच असेल तर हणमंतराव गायकवाडांचं उदाहरण डोळ्यांपुढे येईल. १९९७ मध्ये सुरू झालेली त्यांची भारत विकास ग्रुप संसद भवनाच्या सफाईपर्यंत पोचली. कर्तबगारी मोठीच. तो मात्र हजारो माणसांच्या ठेक्याचा धंदा आहे, त्याचं गणित वेगळं. मी सांगतो आहे तो धंदा पायी जाता येईल तेवढ्याच परिघात चांगला चालतो.

दुसरा आक्षेप मोठ्याने कुणी घेत नाही. एवढं शिकून लोकांचे सोफे धुणार? मागच्या खुर्च्यांवरच्या पालकांच्या मनात तो असणारच, आणि त्यांना हसण्यासारखं काही नाही. आपल्या समाजाने सफाई काही जातींवर लादली, मग त्या कामाला हलकं म्हटलं आणि हलकं म्हणून कमी दाम दिला. ‘श्रमाला प्रतिष्ठा आहे’ असं भाषणात म्हटल्याने यातलं काहीही हललेलं नाही. हललं ते कशाने, हे याच शहरात दिसतं. १९९३ मध्ये कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ओळखपत्र आलं, पुढे त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि दारोदार कचरा घेण्याचा महापालिकेशी करार झाला. ओळखपत्र, दर, करार. प्रतिष्ठा या तीन कागदांवरून आली, गौरवाच्या शब्दांवरून नाही. तुमच्या धंद्यातही तुमची पदवी मदतनिसाचं काही भलं करणार नाही. त्याला ठरल्या तारखेला पगार मिळतो का, रसायन हाताळताना हातमोजे मिळतात का, काडी लावून धागा ओळखायला तुम्ही त्यालाही शिकवता का, की ते गुपित स्वतःकडे ठेवता, यावर ते ठरेल.

तुम्ही आज या जाजमावरून पदवी घ्यायला चालत आलात. थोड्या वेळाने समारंभ संपेल, मंडपवाल्याची माणसं येतील आणि ते गुंडाळून टेम्पोत टाकतील. ज्याला माझ्या बोलण्यात काही तथ्य वाटलं असेल त्याने घाईने फोटो काढायला पळू नये. आधी वाकून एक कोपरा उलटा करून पाहावा: पाठीला ज्यूट आहे की रबर, लाल रंग ओल्या रुमालाला लागतो का, आणि पायऱ्यांजवळचा तो काळसर पट्टा मातीचा आहे की तेलाचा.