जुने विमान सांभाळताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाच्या सचिवांचा फोन आला तेव्हा मी विचारले, "विषय काय ठेवू?" ते म्हणाले, "काका, उपग्रह आणि रॉकेटवर बोलणारे आपल्या बंगळूरात गल्लोगल्ली आहेत. तुम्ही तुमच्या त्या छोट्या विमानांबद्दल बोला." म्हणून आज एका इंजिनाच्या, दोन-चार आसनांच्या, वयाने माझ्या थोरल्या मुलाएवढ्या विमानांबद्दल बोलणार आहे.

मी परवानाधारक विमान देखभाल अभियंता. आम्ही विमान उडवत नाही. ते उडण्याच्या लायकीचे आहे अशी सही करतो आणि जमिनीवर उभे राहून वर बघतो. माझे शिक्षण एका फ्लाइंग क्लबच्या 'पुष्पक' विमानावर झाले. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, कापडाने मढवलेले अंग, शेजारी-शेजारी दोन आसने. १९५८ साली पहिले उड्डाण केलेले हे विमान इथेच, एचएएलमध्ये तयार झाले आणि त्यामागे डॉ. विष्णू माधव घाटगे होते. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत ग्योटिंगेनला प्रान्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला आणि बंगळूरात राहून त्याने भारतीय विमाने उभी केली. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हेही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाले. आपल्यापैकी जे एचएएलमध्ये आहेत त्यांना हे ठाऊक आहे, पण आपल्या मुलांना सांगायला हवे.

पुढे माझ्या हाताखालून सर्वांत जास्त गेले ते सेस्ना १७२. वर पंख, खाली तीन चाके, चार आसने. १९५६ पासून आजवर या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बनली. १९८६ मध्ये उत्पादन थांबले आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे त्या खंडाआधीचे कुठलेही १७२ आज चाळिशीच्या आसपास किंवा पुढे आहे, आणि तशी हजारो विमाने जगभर उडत आहेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. विमान जुने होते म्हणजे नेमके काय होते?

आपण मोटारीवरून अंदाज करतो की जितके चालले तितके झिजले. विमानाचे अर्धेच दुखणे तसे असते. दुसरे अर्धे नुसते उभे राहिल्याने होते. १७२ च्या लायकॉमिंग इंजिनाला दोन मर्यादा सांगितलेल्या आहेत, २००० तास किंवा १२ वर्षे. तासांचे सर्वांना पटते, वर्षांचे पटत नाही. "इंजिन चाललेच नाही, मग खराब कसे होईल?" असे मालक विचारतात. कारण असे, की या इंजिनात कॅमशाफ्ट सर्वांत वर असतो. इंजिन महिनोन् महिने बंद राहिले की त्याच्यावरचे तेल ओघळून खाली जाते, दमट हवा आत शिरते आणि पोलादावर गंजाचे टिपके पडतात. पुढे इंजिन चालू झाले की ते टिपके कानशीसारखे काम करतात. काही जण काळजीपोटी दर रविवारी इंजिन पाच मिनिटे जमिनीवरच चालवतात. त्याने बिघाडच वाढतो. तेल पुरेसे तापत नाही, आतले पाणी उडून जात नाही, उलट भर पडते.

उलटे उदाहरण सांगतो. डिसेंबर १९५८ ते फेब्रुवारी १९५९ या काळात रॉबर्ट टिम आणि जॉन कुक या दोघांनी अमेरिकेत लास व्हेगासला एक सेस्ना १७२ सलग ६४ दिवस २२ तास हवेत ठेवले. इंधन खाली धावणाऱ्या ट्रकमधून वर घेत. तेल बदलण्याचीही सोय त्यांनी उडत्या विमानात केली होती. एकच इंजिन दीड हजार तासांहून अधिक न थांबता चालले. शेवटी त्याची ताकद कमी झाली होती, पण ते बंद पडले नाही. धातूला काम सोसते, दुर्लक्ष सोसत नाही.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग सांगतो. नावे सांगणार नाही.

आपल्यातलेच एक डॉक्टर, मूळचे बेळगावचे. त्यांनी १९८१ सालचे १७२ विकत घेतले. दवाखान्यातून वेळ मिळेना, विमान बहुतेक हँगरमध्येच असे. एका पावसाळ्यानंतर ते माझ्याकडे आले. दिवाळीला लेकीला शेजारी बसवून बेळगावला आजीकडे उडत जायचे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी विमान 'नवे' करायचे होते. नव्या पडद्यांचे पॅनेल, चामड्याची आसने, बाहेरून रंग. हातात बेतशीर रक्कम होती आणि ती सगळी यावर खर्च करायची होती. मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, आधी उघडून बघू."

उघडल्यावर पहिले दर्शन झाले ते बाप्पाच्या वाहनाचे. उंदीरमामांनी शेपटाकडच्या भागात घर केले होते आणि दोन तारांची वेष्टने कुरतडली होती. वेगमापकाच्या नळीत, म्हणजे पिटॉट ट्यूबमध्ये, कुंभारीण माशीने मातीचे घरटे बांधले होते. त्या नळीवर लाल फीत असलेले टोपण घालायचे असते, ते डिकीत पडलेले. हसण्यासारखे वाटते, पण ती नळी बुजली तर धावपट्टीवर धावताना वेगाचा काटा हलत नाही.

मग आसनांचे रूळ. १७२ ची पुढची आसने रुळांवर मागे-पुढे सरकतात आणि रुळातल्या भोकात खिळा अडकून जागेवर थांबतात. वर्षानुवर्षांच्या वापराने ती भोके लांबट होतात. उड्डाण करताना नाक वर गेले की खिळा निसटतो आणि आसन मागे घसरते. वैमानिकाच्या हातात सुकाणू असते, तो आधारासाठी तेच ओढतो, नाक आणखी वर जाते आणि पंखांची उचल संपते. असे अपघात झाल्यामुळे अमेरिकेच्या विमान प्रशासनाने १९८७ मध्ये या रुळांची तपासणी सक्तीची केली. या विमानाच्या लॉगबुकात दोनच महिन्यांपूर्वीची नोंद होती, 'तपासले, समाधानकारक.' सही, शिक्का, सगळे व्यवस्थित. मी भोके मोजली. उजवीकडच्या रुळाची दोन भोके मर्यादेच्या बाहेर गेली होती आणि एका ठिकाणी चीर होती. उजवे आसन म्हणजे जिथे मुलगी बसणार होती ते. ती नोंद कुठल्या कार्यशाळेची हे इथे महत्त्वाचे नाही. शाई ताजी होती आणि धातू झिजलेला होता, एवढे ध्यानात ठेवा.

शेवटी इंजिन. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडायची आणि त्यातली किती टिकते ते काट्यावर बघायचे. एका माणसाने पंखा घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर तो फिरून हात मोडतो. सत्तरच्या वर काटा राहिला की आम्ही खूश, साठच्या खाली गेला की चिंता. तीन सिलिंडर चांगले निघाले. तिसऱ्या क्रमांकाचा काटा बावन्नावर आला. इंजिन गरम करून पुन्हा पाहिले, तेच. अशा वेळी कान लावायचा. तेलाच्या तोंडातून सूं ऐकू आले तर पिस्टनच्या रिंगा, कार्ब्युरेटरकडून आले तर आत घेणारी झडप, धुराड्यातून आले तर धूर सोडणारी झडप. आवाज धुराड्यातून येत होता. तेलाचा फिल्टर कापून घडी उलगडली तर बारीक चकाकणारी कीस. लोहचुंबकाला चिकटली, म्हणजे पोलाद. सिलिंडर काढून त्या खिडकीतून बॅटरीने आत पाहिले, तर कॅमशाफ्टवर गंजाचे खड्डे. इंजिन नऊशे तासच चालले होते, पण आधीच्या ओव्हरहॉलला चौदा वर्षे झाली होती.

मी डॉक्टरांना सांगितले, पैसे इंजिनाला आणि रुळांना लागतील, पडदे नंतर. ते चिडले. म्हणाले, "अहो, २००० तासांचे इंजिन आहे, निम्मेसुद्धा झाले नाही. मागच्या महिन्यात मी स्वतः उडवले. एकदा बेळगाव करून येतो, मग उघडू." मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, ईसीजी बिघडलेला पेशंट आला तर तुम्ही त्याला आधी चष्म्याचा नंबर काढून देता का?" ते हसले नाहीत. दुसरा कोणी सही करेल, असे म्हणून निघून गेले. तसे होऊ शकले असते. ते माझे विमान नव्हते, मी फक्त सही नाकारू शकत होतो. नाकारली, आणि काय काय सापडले ते लॉगबुकात स्वच्छ अक्षरात लिहिले, म्हणजे पुढच्या सही करणाऱ्याला ते वाचूनच पुढे जावे लागेल.

आठवड्याने ते परत आले, लेकीला घेऊन. तिने ती रुळाची चीर बोट लावून पाहिली आणि विचारले, "बाबा, मी इथे बसणार होते ना?" त्यानंतर चर्चा झाली नाही. त्या दिवाळीला दोघे राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने बेळगावला गेली. इंजिन ओव्हरहॉल होऊन यायला आठ महिने लागले. पुढच्या वर्षी मात्र ती दोघे उडत गेली.

मग विमानात नवे काही बसवूच नये का? जरूर बसवावे, पण धोका कमी करणारे आधी आणि डोळ्यांना सुखावणारे नंतर. या विमानांत क्षितिज दाखवणारे उपकरण हवा ओढणाऱ्या पंपावर चालते. त्या पंपातली कार्बनची पाती कुठलीही सूचना न देता तुटतात, आणि तुम्ही ढगात असाल तर वर-खाली कळेनासे होते. स्वतःची बॅटरी असलेले छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण जुन्या विमानांत बसवण्याची परवानगी अमेरिकेत २०१६ पासून मिळू लागली. ही खरी सुधारणा. इथे अर्थात डीजीसीएची मान्यता लागते. दुसरी, अपघातानंतर संदेश देणारे यंत्र. १२१.५ मेगाहर्ट्झचे जुने संदेश उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणे बंद केले. ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र हवे. भारतात त्या संदेशांचे नियंत्रण केंद्र आपल्याच बंगळूरात, इस्रोच्या इस्ट्रॅकमध्ये आहे. तिसरी, खांद्यावरून जाणारे पट्टे. चौथी, प्रत्येक सिलिंडरचे तापमान वेगळे दाखवणारा मापक, म्हणजे झडप जळू लागली की आधी कळते.

रंगकामसुद्धा साधे नाही. हलणाऱ्या पात्यांवर रंगाचा जाड थर बसला तर त्यांचा तोल बिघडतो आणि वेगात ती थरथरू लागतात. म्हणून रंगानंतर त्यांचा तोल तपासावा लागतो. नवे यंत्र घातले, जुनी तार काढली, की विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा हिशेब नव्याने मांडायचा.

जुने म्हणजे धोक्याचे, असा अर्थ कोणी घेऊ नये. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची-मुंबई टपालविमान आणले. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास तीसच्या दशकातल्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या वैमानिकासाठी, आणि ते योग्यच होते. माझ्यासारख्याला मात्र ते विमान उघडून, पुसून, एकेक भाग हातात घेऊन ज्यांनी उड्डाणाजोगे केले, तेही दिसतात.

इथे अनेक तरुण अभियंते आहेत. तुमच्यातल्या कोणाच्या हाती कधी तरी अशी सही येईल. विमानाची असेल, पुलाची असेल, औषधाची असेल. समोरचा माणूस भला असेल, घाईत असेल, पैसे त्याचे असतील. तेव्हा कागद नंतर बघा, भोके आधी मोजा.

 आरतीची वेळ झाली आहे, म्हणून इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!