पक्षिनिरीक्षण व पक्ष्यांचे छायाचित्रण : शाळेचा एक सामुदायिक छंद

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी सरत येते आणि बीड जिल्ह्यातील गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. पटावरची कित्येक मुले आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. काही हंगामी वसतिगृहात अथवा आजी-आजोबांजवळ मागे राहतात. ह्याच सुमारास शाळेच्या अंगणात एक पाहुणा उतरतो. चिमणीहून लांबट, काळा, पांढरा व करडा असा तिरंगी, शेपटी सारखी वरखाली हलवीत जमिनीवर तुरुतुरु धावणारा हा पक्षी म्हणजे परीट ऊर्फ धोबी. उन्हाळा हिमालयात व त्याच्याही उत्तरेस थंड प्रदेशात काढून तो हिवाळ्यासाठी इकडे येतो, आणि टोळ्या परतण्याच्या वेळी, चैत्राच्या सुमारास, निघून जातो. टोळी जाते तेव्हा परीट येतो. टोळी येते तेव्हा परीट जातो. एवढी एक गोष्ट ज्या शाळेने तारखेनिशी लिहून ठेवली, त्या शाळेत पक्षिनिरीक्षणाचा आरंभ झाला असे समजावे.

हा छंद खर्चाचा आहे, आणि पक्षी पाहावयाचे तर दूरच्या अभयारण्यात जावे लागते, असे दोन समज रूढ आहेत. दोन्ही निराधार होत. अभयारण्य जिल्ह्यातच आहे. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले. सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या त्या डोंगराळ झुडपी रानात मोरांची वस्ती आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, आणि तिच्यावरील पैठणच्या नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. सिंदफणेवरील माजलगावच्या धरणावरही हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. परंतु हे झाले सहलीचे धन. रोजचे धन शाळेच्या कुंपणापाशीच असते. विजेच्या तारेवर कोतवाल व वेडा राघू, बांधावरच्या बोरीवर बुलबुल, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे, माळावर टिटवी, चंडोल आणि तित्तर : ह्यांना पाहण्यास दोन डोळे व थोडी शांतता एवढेच साहित्य लागते.

नावे कळावी कशी, अशी शंका पुष्कळांना येते. पक्ष्यांची नावे पुस्तकात येण्यापूर्वी लोकांच्या तोंडी होती. श्री. मारुती चितमपल्ली (१९३२ ते २०२५) ह्यांनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडून, आदिवासी, पारधी व मासेमार ह्यांच्याकडून ज्ञान मिळवून मराठीला पक्ष्यांचा कोश दिला. तोच मार्ग प्रत्येक शाळेला मोकळा आहे. वर्गातील मुलाच्या आजीला पावशा ठाऊक असतो. त्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते, हेही तिला ठाऊक असते. यंदा पावशाचा पहिला आवाज कोणत्या दिवशी ऐकला, हे मुलांनी आजीला विचारून लिहावे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला होतो, असे वडीलधारी माणसे म्हणतात. ते खरे की खोटे, ह्याचा निकाल शिक्षकाने सांगू नये. अंड्यांची जागा दुरूनच पाहून दरसाल नोंदवावी, शेजारी पावसाचा आकडा लिहावा, आणि पाचसहा वर्षांनी त्या वहीलाच उत्तर विचारावे. विज्ञानाचा ह्याहून सोपा पाठ कोणता असणार?

पक्षी पाहताना ठरीव कल्पना गळून पडतात. सुगरणीचेच पाहा. नाव स्त्रीलिंगी, परंतु खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणून टांगतो, माद्या येऊन त्याची पारख करतात, एखादीला पसंत पडला म्हणजे तो पुरा करतो, आणि तिने त्यात संसार मांडला की दुसरा विणावयास घेतो. ह्या पक्ष्याच्या कुटुंबपद्धतीचा उलगडा डॉ. सालिम अली ह्यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी केला. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती. झाडावर खोपे होते, हाती वेळ होता, आणि रोज पाहिलेले रोज लिहून ठेवण्याची चिकाटी होती. जिल्ह्यातील कितीतरी विहिरींवर पावसाळ्यात हेच खोपे लटकत असतात.

डॉ. सालिम अलींच्या बालपणातील एक प्रसंग शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही निराळी चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलार्ड ह्यांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी पक्ष्याचे नाव सांगितले, कपाटे उघडून शेकडो पक्ष्यांचे नमुने दाखविले, आणि त्या मुलाच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे १९३१-३२ साली त्यांनी तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली; बीड जिल्हा त्या काळी त्याच संस्थानात होता. ह्या भटकंतीत त्यांच्या पत्नी तेहमिना त्यांच्यासोबत असत. बीडमधील प्रत्येक वर्गात बेचकी बाळगणारा एखादा मुलगा असतो. त्याची नजर वर्गात सर्वांत तीक्ष्ण असते. झाडातला पक्षी त्याला सर्वांआधी दिसतो. त्याची बेचकी केवळ हिसकावून घेतली तर तो दुसरी करील. त्याच्यावर निरीक्षक-गटाची जबाबदारी टाकली तर त्या नजरेला काम मिळेल.

आता छायाचित्रणाविषयी. पूर्वी हा श्रीमंतांचा शौक होता. सिंगापूरचे उद्योजक लोक वान-थो हे डॉ. सालिम अलींचे स्नेही. पक्ष्यांची उत्कृष्ट छायाचित्रे हा त्यांचा ध्यास, आणि दोघे मिळून हिंडत : एकाची वही व दुसऱ्याचा कॅमेरा. वान-थो ह्यांचे पक्षिचित्रांचे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले. आज मोबाईलमुळे कॅमेरा खेड्यातील शिक्षकाच्याही खिशात आला आहे. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल लावून ओळख पटण्याइतके चित्र सहज मिळते. अनोळखी पक्ष्याचे असे एक अस्पष्ट चित्रही मोलाचे असते, कारण ते नंतर जाणकारास दाखविता येते.

परंतु कॅमेरा हाती आला की पाय आपोआप पुढे पडतात, आणि येथेच ह्या छंदाची खरी कसोटी आहे. टिटवी व पखुर्डी हे माळावरचे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चैत्र-वैशाखात माळ तव्यासारखा तापतो. टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. पखुर्डीचा नर दूरच्या पाणवठ्यावर जाऊन छातीची व पोटाची पिसे भिजवितो, आणि पिसांतले ते पाणी पिलांना आणून पाजतो. घागर घेऊन कोसभर चालणे म्हणजे काय, हे बीडच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. चित्रासाठी एखादा माणूस घरट्याजवळ घुटमळला, तर पक्षी तेवढा वेळ दूर राहतो. अंडी उन्हात भाजतात, अथवा कावळ्याला घरट्याचा ठाव लागतो. चित्र सुंदर येते आणि पिले मरतात. असे चित्र शाळेच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे नव्हे.

म्हणून पुढील पथ्ये प्रत्येक गटाने पाळावीत :

१. घरट्याचे, अंड्यांचे व पिलांचे छायाचित्र काढण्यासाठी जवळ जाऊ नये. पक्षी ओरडू लागला किंवा उडाला, की अंतर चुकले असे समजून मागे फिरावे.

२. चित्र नीट यावे म्हणून फांदी तोडू नये, दगड मारून पक्षी उडवू नये, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्यास फसवू नये.

३. घरट्याची जागा वहीत लिहावी. गावभर सांगू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन्य पक्षी पकडणे, मारणे अथवा त्यांची अंडी-घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे, हे मुलांना समजावून द्यावे.

४. विहीर, तलाव व धरण येथे मुलांना मोठ्या माणसावाचून जाऊ देऊ नये.

माळाविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. माळ म्हणजे पडीक, निरुपयोगी जमीन, असे पुष्कळांस वाटते. माळढोकाची हकिकत ह्या समजाचे फळ दाखविते. ह्या पक्ष्यासाठी सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळरानावर १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. आष्टी तालुक्याच्या शेजारचा कर्जत तालुका त्यात होता. तरीही माळ नांगरले गेले, तुकड्यातुकड्यांनी वापरात आले, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दृष्टीस पडणे अत्यंत दुर्मिळ झाले आहे. देशातील ९४२ जातींच्या पक्ष्यांविषयीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही गवताळ व उघड्या माळावरील पक्ष्यांची घट ठळकपणे दिसून आली. हा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला आहे. बहुतेक निरीक्षक हौशी होते. शाळेच्या वहीतील एक ओळ अशा नोंदींत जमा होऊ शकते. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षिगणनेत पंधरा मिनिटांचे निरीक्षणही पुरते.

शेतकऱ्याची बाजूही मुलांना कळली पाहिजे. हिवाळ्यात भोरड्यांचे प्रचंड थवे पूर्व युरोप व मध्य आशियातून येऊन ज्वारीवर उतरतात, तेव्हा माळ्यावर गोफण घेऊन उभ्या असलेल्या राखणदाराचा राग खोटा नसतो. त्याच भोरड्या नाकतोडेही फस्त करतात. नुकसान किती आणि उपकार किती, हे भांडून ठरत नाही. पाहून, मोजून ठरते.

शेवटी ज्या मुलांपासून आरंभ केला त्यांच्याकडे वळणे प्राप्त आहे. मूल शक्यतो गावीच राहून शिकावे, हा शिक्षकाचा पहिला प्रयत्न असतोच. कोणतीही वही बुडालेल्या शाळेची भरपाई करू शकत नाही. तरीपण जे मूल जातेच, त्याच्या हाती चार कागद शिवलेली वही व पेन्सिल द्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, किती होते, काय करीत होते : एवढे रकाने पुरेत. नाव न आले तर चित्र काढावे. तोडलेल्या उसाच्या फडात गायबगळे येतात, कोतवाल किडे टिपतात, वर घारी घिरट्या घालतात. मागे राहिलेली मुले तेच रकाने गावी भरतील. टोळ्या परतल्या की दोन्ही वह्या वर्गात शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने वाचाव्यात. परीट फडाजवळही होता काय? भोरड्या तिकडे दिसल्या काय? जे मूल एरवी मागे पडलेले म्हणून खाली मान घालून वर्गात येते, त्याच्यापाशी त्या दिवशी इतरांना ठाऊक नसलेली माहिती असते, आणि वर्ग त्याचे ऐकत असतो. सामुदायिक छंद तो हाच.

५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. ह्या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. दिवाळीची सुटी आणि टोळ्यांचे प्रस्थान ह्याच्या आगेमागेच असते. यास्तव वह्या शिवण्याचे काम सुटी लागण्यापूर्वीच उरकावे, आणि गावातून निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक वही आहे की नाही हे शिक्षकाने स्वतः पाहावे.