गच्चीवरच्या पाइपांना सावली द्या

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा टाकीतून उतरणारा पीव्हीसी पाइप गच्चीवर दिवसभर तापत असतो. उष्णतेइतकेच उन्हातले अतिनील किरणही त्याला पोखरतात: आधी रंग उडतो, मग बोट फिरवल्यावर खडूसारखी पूड लागते, शेवटी पाइप हलक्या धक्क्यानेही तडकतो. ‘आमचा पाइप भारी कंपनीचा आहे,’ असे कुणी म्हणेल. पण तापल्यावर प्लास्टिकची दाब सोसण्याची ताकद घटतेच, कंपनी कोणतीही असो. पाइप वाचवण्याचा खर्चही फार नाही. पाण्यात मिसळणाऱ्या फिकट रंगाचे दोन हात पुष्कळ संरक्षण देतात. तेलरंग मात्र टाळा. त्यातले द्रावक प्लास्टिकला अपाय करू शकतात. हे काम होळीआधीच उरका.