पर्यायाला पुढचा रस्ता हवा

व्यासपीठावरील मान्यवर, भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांतून आलेले शिल्पनिदेशक आणि गटनिदेशक, तंत्रनिकेतनातील व कनिष्ठ महाविद्यालयांच्या व्यवसाय अभ्यासक्रमांतील शिक्षक, उद्योगांचे प्रतिनिधी आणि मागच्या रांगांत बसलेल्या प्रशिक्षणार्थी मित्रमैत्रिणींनो,

एका निवृत्त शिल्पनिदेशकाला तुम्ही या अधिवेशनाचे अध्यक्षपद दिले, त्याबद्दल आभार. जोडारी विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला माइकपुढे उभे राहण्यापेक्षा व्हाइसपुढे उभे राहणे सोपे जाते. तरी तुमचा आग्रह मोडला नाही, कारण जे बोलायचे आहे ते बोलण्याची वेळ हीच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. २०२४-२५ पासून आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही त्याची रचना लागू झाली. एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका, तीन वर्षांवर पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स. नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झाले, तेव्हापासून आपल्या भागातल्या घरांनी शिक्षण म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असेच धरले. आता लाखांदूर किंवा पवनीकडच्या दोन एकर धानाच्या घरात नवा हिशेब सुरू आहे. चौथे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची खोली, आणखी एका वर्षाची खानावळ आणि आणखी एक वर्ष बिनकमाईचे. त्यामुळे दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक आपल्याकडे येतात आणि विचारतात, “सर, आयटीआयले टाकू का पोराले? लोक मिस्त्री तर नाही ना म्हणणार?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्यात पैशाची काळजी आहे, तशीच मानाचीही आहे. या दोन्ही काळज्यांना उत्तर देता आले तरच आपल्या संस्थांना विद्यापीठाचा पर्याय म्हणता येईल. पर्याय कशाला म्हणायचे, याच्या माझ्या मते दोन कसोट्या आहेत. तो निवडल्यावर पुढचे शिक्षण बंद होता कामा नये, ही पहिली. तो देणाऱ्या संस्थेने आपल्या मुलामुलींचे पुढे काय झाले याचा हिशेब दिला पाहिजे, ही दुसरी. आज मी एवढ्याच दोन गोष्टींवर बोलणार आहे.

आधी आपला जिल्हा पाहू. जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६४ पासूनची. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची उघडी आणि चिखल्याची भूमिगत मँगनीज खाण, दोन्ही मॉयलच्या. तालुक्यातालुक्यात भातगिरण्या. भंडाऱ्याची पितळी भांडी, मोहाडी तालुक्यात आंधळगावचा कोसा. या प्रत्येक ठिकाणी काम चालते ते जोडारी, संधाता, वीजतंत्री, कातारी, यंत्र कारागीर यांच्या हातावर. खाणीत सुरुंग उडवणाऱ्याला आणि मायनिंग मेटला कायद्याने वेगळे प्रमाणपत्र लागते. महावितरणच्या विद्युत सहायकाला बारावीबरोबर वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे शिक्षण लागते. आयुध निर्माणीत धोक्याच्या इमारतीत काम करणाऱ्या डेंजर बिल्डिंग वर्करसाठी एओसीपी, म्हणजे रासायनिक संयंत्र चालवणाऱ्याच्या व्यवसायातली शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेली असावी लागते. तिथे नुसती पदवी घेऊन गेलेल्याला फाटकातूनच परत यावे लागते.

हे सांगताना छाती फुगते खरी, पण त्याची दुसरी बाजूही याच सभागृहात बोलली पाहिजे. डेंजर बिल्डिंग वर्करची ही पदे मुदतीची आहेत. अट कायम कामगारासारखी कडक आणि नोकरी मात्र ठरावीक काळाची. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरला स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्यांना या अधिवेशनाच्या वतीने मी आदरांजली वाहतो. त्या दिवसाचा आपल्या वर्गासाठी अर्थ सरळ आहे. सुरक्षितता हा पहिल्या आठवड्यात उरकण्याचा धडा नव्हे. चष्मा न लावता ग्राइंडरजवळ गेलेल्या मुलाला बाजूला काढणे हे जॉब तपासण्याइतकेच आपले काम आहे.

मित्रहो, हातांच्या शिक्षणाचा विचार या मातीत जुना आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिली आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. जमिनीतून मिळालेला पैसा कारखान्यात उपयोगी पडेल अशा विद्येवर लावायचा, आणि तोही विद्यापीठाच्या आतच, हा त्या दानामागचा विचार होता. त्याआधी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे हा गांधीजींचा विचार तिथे मांडला गेला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. पुढे काय झाले हे आपण जाणतो. शाळेत टकळी आली, पण ती आठवड्याच्या एका तासापुरती. ज्यांनी भाषणांत श्रमाचे गोडवे गायले, त्यांनी आपली मुले दुसऱ्या शाळांत घातली.

कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची आणि शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. आपली संस्था त्या योजनेतून जन्मली. तेव्हापासून तिच्याकडे येणारा मुलगा ‘कुठेच नंबर लागला नाही म्हणून’ येतो, असे घरात आणि गावात मानले गेले. शासनाच्या कागदावरही ही उतरंड दिसते. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ साली आली, तेव्हा दरमहा विद्यावेतन ठरले ते असे: बारावीला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. मुलाला यंत्र चालवता येते की नाही, याला त्या तक्त्यात रकानाच नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी वर्कशॉपमध्ये मात्र तेवढेच विचारले जाते.

राष्ट्रीय धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाचा आधार घेऊन मांडलेले आकडे तुम्ही ऐकले असतील. १९ ते २४ वयोगटातल्या काम करणाऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात पाच टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२ टक्के, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हे आकडे आपल्याकडे भाषणात लाज वाटावी म्हणून सांगतात. त्यामागची व्यवस्था कोणी सांगत नाही. जर्मनीत शिकाऊ मुलाचा करार थेट कंपनीशी असतो. तो आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत शिकतो, आणि पुढे ‘माइस्टर’ झालेल्या कारागिराला विद्यापीठाचे दार उघडे असते. रस्ता पुढे जातो म्हणून आईबाप मुलाला त्या रस्त्यावर सोडतात.

दुसरा धडा अमेरिकेकडून घ्या. तिथे ‘करिअर कॉलेज’ नावाने नफ्यावर चालणाऱ्या खाजगी संस्थांचे मोठे जाळे पसरले. लवकर शिका, लवकर नोकरी, अशा त्यांच्या जाहिराती असत. पैसा विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जातून यायचा. कोरिंथियन कॉलेजेस २०१५ मध्ये बुडाली, आयटीटी टेक २०१६ मध्ये बंद झाली. नोकरी लागल्याचे आकडे फुगवल्याचे आरोप झाले, आणि हजारो मुलांच्या हाती अर्धवट शिक्षण आणि डोक्यावर कर्ज राहिले. आपल्याकडेही दोन खोल्या, चार यंत्रे आणि मोठा फलक एवढ्यावर चालणाऱ्या खाजगी संस्था आपण पाहतो. पर्यायाच्या नावाखाली हा बाजार वाढला, तर चांगल्या सरकारी आणि खाजगी संस्थांचेही नाव खराब होणार आहे.

आता पहिली कसोटी. कागदावर आपल्याकडे शिडी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय उत्तीर्ण होऊन भाषेचे विषय दिले, तर बारावीची समकक्षता मिळते. आयटीआय उत्तीर्ण मुलाला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आपल्या जिल्ह्यातच साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. मग मुले त्या शिडीवरून का घसरतात? वर्कशॉपमध्ये उत्तम हात असलेला मुलगा दुसऱ्या वर्षाला जातो आणि पहिल्याच महिन्यात गणितात अडकतो, कारण पहिल्या वर्षाचे कलन आणि त्रिकोणमिती त्याच्या समोर कधी आलेलीच नसते. व्याख्यान इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत. वर्षभर मागचे विषय राहत राहत तो घरी परततो आणि गावात सिद्ध होते, की ‘आयटीआयवाल्याला जमत नाही’. जमत नाही ते त्याला नव्हे, मधली पायरी बांधणे आपल्याला जमलेले नाही. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतरच्या सुटीत तंत्रनिकेतनाच्या शिक्षकांनी आणि आपण मिळून गणिताचा आणि तांत्रिक इंग्रजीचा सेतुवर्ग घ्यावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, दोन संस्थांच्या प्राचार्यांनी एकदा एका टेबलाशी बसणे लागते.

अभ्यासक्रमांचेही तसेच. जिल्ह्यात धान आहे, पण भातगिरणी चालवणारा माणूस उस्तादाच्या हाताखाली, बघून बघून शिकतो. शासकीय धानाच्या भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ द्यावा लागतो. रबर रोलरमधले अंतर, धानातला ओलावा, पॉलिशरचा दाब यांत थोडी चूक झाली, की तांदळाची कणी होते आणि गिरणीवाल्याचा हिशेब बिघडतो. भंडारा चिन्नोरसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या नाजूक तांदळाला तर हा हात अधिकच जपून चालवावा लागतो. हे कसब तीन-चार महिन्यांच्या अभ्यासक्रमात शिस्तीने शिकवता येईल. कोशाच्या मागाची दुरुस्ती, पितळेच्या भांड्यांचे आधुनिक फिनिशिंग, तलावांतल्या मासळीसाठी शीतपेटी आणि बर्फयंत्राची देखभाल, ही कामेही आपल्याच जिल्ह्याची. मुलींना शिवणकाम आणि सौंदर्य प्रसाधनापुरते ठेवू नका. वीजतंत्री आणि यंत्र कारागीर विभागात बसलेल्या ज्या मुली आज इथे आहेत, त्यांना मी उभे राहायला सांगत नाही. पुढच्या वर्षी त्यांची रांग एवढी लांब असावी, की वेगळे दाखवण्याची गरजच पडू नये.

एका बाबतीत मात्र आपण सावध राहू. साकोली तालुक्यात मुंडीपारला भेलच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०१३ मध्ये झाले. त्या कारखान्याच्या आशेवर अनेक घरांनी मुलांचे व्यवसाय ठरवले. कारखाना उभा राहिला नाही. प्रशिक्षणाने माणूस तयार होतो, नोकरी तयार होत नाही. प्रवेशाच्या वेळी आपण पालकांना नोकरीची हमी देऊ नये. हात तयार करून देऊ, एवढेच वचन द्यावे आणि ते पाळावे.

ते पाळायचे तर निदेशक लागतात. २०२५ मध्ये केंद्राने आयटीआयच्या नूतनीकरणासाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यंत्रे येतील, इमारती रंगतील. पण सीएनसी यंत्र प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पडून राहिले आणि त्यापुढे तासिका तत्त्वावरचा निदेशक बारा महिन्यांच्या भवितव्याची चिंता करत उभा राहिला, तर त्या पैशातून काय शिकवले जाणार? रिक्त पदे नियमित भरणे ही आपली मागणी पहिल्या क्रमांकाची आहे. उद्योगांच्या प्रतिनिधींनाही एक सांगणे आहे. ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ते घ्या, आणि घेतल्यावर त्यांच्या हाती झाडू नको, साधन द्या.

महाविद्यालयातल्या प्राध्यापक मित्रांशी आमचे भांडण नाही. बी.एस्सी.च्या मुलाने संध्याकाळी आमच्या वेल्डिंग शेडमध्ये यावे आणि आमच्या संधात्याने तुमच्या रसायनशास्त्राच्या वर्गात बसावे. पदवीच्या आराखड्यात व्यवसाय कौशल्याला आता श्रेयांक आहेत. ते श्रेयांक कागदी प्रकल्पांवर उधळण्यापेक्षा शेजारच्या कार्यशाळेत कमावू द्या.

आता दुसरी कसोटी, म्हणजे हिशेब. अध्यक्ष म्हणून मी एक ठराव मांडतो आणि त्यावर आज दुपारच्या सत्रात मतदान व्हावे अशी विनंती करतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेने, सरकारी असो वा खाजगी, दरवर्षी जूनमध्ये फाटकाजवळ एक फलक लावावा. त्यावर प्रत्येक व्यवसायाचे पाच आकडे असावेत: किती आले, किती उत्तीर्ण झाले, वर्षभराने किती जण त्याच व्यवसायात आहेत, किती पुढे शिकत आहेत आणि किती जणांचा पत्ता लागत नाही. शेवटचा आकडा लपवायचा नाही. प्रवेशाला आलेल्या आईबापांनी तो फलक वाचावा आणि मग अर्ज भरावा. ज्याला मुलाच्या मानाची चिंता आहे त्यालाही उत्तर तिथेच सापडेल.

पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येक संस्थेने आपल्या फलकाची प्रत सोबत आणावी. ज्यांच्याकडे ती नसेल, त्यांनी व्यासपीठावर बसण्याआधी त्याचे कारण सभागृहाला सांगावे, आणि हा नियम अध्यक्षापासून लागू व्हावा.